घरातल्या लोखंडाची बाजू

कोल्हापूरजवळच्या आमच्या गडमुडशिंगीत कुणी घरी डंबेल्स आणले की सल्ला देणाऱ्यांची वानवा नसते. पहिला म्हणतो, "कोल्हापूरच्या मातीत जन्मून घरात लोखंड हलवतोस? रग पाहिजे असेल तर तालमीत जा." दुसरा म्हणतो, हे विलायती फॅड आहे, आपल्याकडं जोर-बैठका काय कमी पडल्या? तिसऱ्याच्या मते हा तरण्या पोरांचा नाद आहे, बायका आणि म्हाताऱ्यांनी वजनाच्या वाटेला जाऊ नये. चौथा सांगतो, घ्यायचेच असतील तर डायल फिरवून वजन बदलणारे महागडे घे, नाहीतर प्लास्टिकचा स्वस्तातला सेट आण, नट आवळायच्या बिडाच्या प्लेटा आता भंगारात निघाल्या. आणि पाचवा सगळ्यांवर कडी करतो, "काहीही घे, महिन्याभरानं ते कॉटखाली धूळच खाणार."

ही पाच मतं आमच्याकडं इतक्या खात्रीनं बोलली जातात की नवीन माणसाला ती अनुभवाचे बोल वाटतात. ती तशी नाहीत. पाचही चुकीची आहेत, आणि त्यांचा परिणाम गावभर दिसतो. चाळिशीतच कंबर धरून उठणारा फौंड्रीतला कामगार, जिन्याचा कठडा धरल्याशिवाय वर न जाणारी काकू, जमिनीवरून उठताना नातवाचा हात मागणारे आजोबा. यांच्यातल्या कितीजणांना कुणी कधी सांगितलं की स्नायूंची ताकद परत कमावता येते, आणि तीसुद्धा घरच्या सोप्यात? उलट त्यांना सांगितलं जातं की हे तुमचं काम नव्हे. म्हणून या मतांना एकेक करून उत्तर द्यायला हवं.

तालमीपासून सुरुवात करतो, कारण तिचं नाव पुढं केलं की कोल्हापुरात समोरच्याचं तोंड बंद होतं. तालमीबद्दल माझ्या मनात आदराशिवाय दुसरं काही नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, काळाइमाम ही नावं उच्चारताना आजही छाती फुगते. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभारलं आणि 1912 साली ते कुस्तीला खुलं झालं. 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकले. 1959 साली पहिले हिंदकेसरी झाले ते श्रीपती खंचनाळे. हा वारसा कुणी नाकारत नाही. डंबेल्स उचलून कुस्ती येत नाही, हेही मान्य. डाव, पेच, पकड, मातीतला दम या गोष्टी वस्तादाच्या नजरेखालीच शिकायच्या असतात.

पण प्रश्न कुस्तीचा आहे कुठं? तालीम मल्ल घडवते, ते तिचं काम आहे आणि ती ते चोख करते. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसाला मल्ल व्हायचं नाही. त्याला गुडघे-कंबर शाबूत ठेवून साठीपर्यंत काम करायचं आहे. पहिल्या पाळीला तो पहाटे घर सोडतो आणि तिसऱ्या पाळीवरून सकाळी परततो. तालीम ज्या वेळी घुमत असते, त्या वेळी तो एकतर मशीनवर असतो नाहीतर झोपेत. गांधीनगरच्या कापड दुकानात दिवसभर उभं राहून गठ्ठे काढणाऱ्या पोराला रात्री दुकान बंद झाल्यावर कुठली तालीम उघडी सापडणार? तालमीत जायला सांगणाऱ्यांनी कधी त्या पोराच्या घड्याळाकडं पाहिलंय?

आणि तालमीची दारं पिढ्यानपिढ्या कुणाला उघडी होती, हेही बोललं पाहिजे. आखाड्याची माती पुरुषांचीच, हा दंडक आपल्याकडं फार काळ चालला. आज मुली कुस्ती खेळतात, कोल्हापूर-सांगलीकडच्या मुली राज्य गाजवतात, महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा 2023 साली सांगलीत झाली. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण 45 वर्षांची, दोन मुलांची आई असलेली बाई आज संध्याकाळी उठून तालमीत जाईल का? तिला तिथं कोण उभं करील? निम्म्या गावाला ज्या जागी जाताच येत नाही, ती जागा दाखवून "तिकडं जा" म्हणणं हा सल्ला नव्हे. ते दार लावून घेणं आहे.

शिवाय तालमीचं नाव घेणारे तालमीचीच शिकवण विसरतात. नव्या पोराच्या हातात वस्ताद पहिल्या दिवशी मोठी जोडी देतो का? प्रत्येक जुन्या तालमीत हलक्या, मध्यम, जड अशा मुद्गलांच्या जोड्या ओळीनं उभ्या असतात. पोरगं हलक्या जोडीवर हात बसवतं, मग पुढची घेतं. करेल्याचं तेच, गदेचं तेच, नाल उचलण्याचंही तेच. बैठकांची संख्या दर आठवड्याला चढत जाते. आज जेवढं झेपतं त्याहून थोडं जास्त उद्या, हा तालमीचा खरा गाभा. घरातल्या बदलत्या वजनाच्या डंबेल्समध्ये नेमकं हेच आहे. ओळीनं ठेवलेल्या दहा जोड्यांचं काम दोन दांड्या आणि मूठभर प्लेटा करतात. मग हे तालमीच्या विरोधात कसं गेलं?

आता विलायती फॅडचा आरोप. परक्याची गोष्ट म्हणून नाक मुरडणं हा कोल्हापूरचा स्वभाव कधीपासून झाला? एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी 1902 साली शाहू महाराज विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं प्राचीन प्रेक्षागार पाहिलं, आणि मनात भरलेली ती रचना खासबागेत उतरवली. चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक आणि मध्ये आखाडा, कुठूनही बसा, कुस्ती दिसणारच. त्या मैदानाला आज कुणी विलायती म्हणतं का? साताऱ्याकडच्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे सगळ्यात मोठे प्रचारक. त्यांनी देशभर आणि देशाबाहेरही सूर्यनमस्कार पोहोचवले. त्याच भवानरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डंबेल्सच्या व्यायामाचा विलायती प्रचारक सँडो याची पुस्तकं आणि साधनं मागवून सुमारे दहा वर्षं त्या पद्धतीचा व्यायाम केला होता. स्वतः करून पाहिलं, तोललं, आणि मग आपला मार्ग निवडला. खुद्द सँडो 1905 च्या सुमारास हिंदुस्थानात खेळ करून गेला. म्हणजे डंबेल्स आपल्याकडं यायला शंभराहून जास्त वर्षं झाली. आज तालमीतला पैलवानही मातीबरोबर मॅटवर सराव करतो, दोर चढतो, वजनंही मारतो. शंभर वर्षं या मातीत वापरात असलेली वस्तू अजून परकी राहते, ती कुणाच्या हिशेबानं?

जोर-बैठका पुरेशा आहेत म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो की ज्याला एकही जोर निघत नाही, त्यानं काय करायचं? जोर मारताना स्वतःच्या शरीराचा बराच मोठा भाग हातांवर येतो. 80 किलोच्या माणसाला तो भार पहिल्या दिवसापासून पेलावा लागतो, जमिनीवर तो कमी करून मागता येत नाही. भिंतीला हात टेकून, मग पायरीला टेकून सुरुवात करता येते, ते चांगलंच आहे. पण पाठीकडं ओढायच्या स्नायूंचं काय? जोर मारण्यात ढकलणं आहे, बैठकीत उठणं आहे, ओढणं दोन्हींत नाही. दिवसभर पुढं वाकून काम करणाऱ्या माणसाला तर ओढण्याच्या व्यायामाची सगळ्यात जास्त गरज. खाटेच्या कडेवर एक हात टेकवून दुसऱ्या हातानं डंबेल कमरेपर्यंत ओढायचं, एवढ्या साध्या हालचालीनं ती भागते.

तिसरं मत मला सगळ्यात जास्त टोचतं. बायकांनी वजन उचलू नये म्हणे. हे म्हणणाऱ्या माणसाच्या आईनं जन्मभर काय उचललं? वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन ती शेतातून घरी आली. पाण्याच्या घागरी कमरेवर वाहिल्या. शेणाच्या पाट्या, धुण्याच्या बादल्या, कडेवरची पोरं, दळणाचे डबे. तेव्हा कुणी तिला थांबवलं नाही, वजन बाईला झेपत नाही असं कुणी म्हटलं नाही. ती स्वतःसाठी, स्वतःच्या हाडांसाठी, दिवसातली वीस मिनिटं चार किलोचं डंबेल हातात घेते तेव्हाच घरादाराला तिच्या प्रकृतीची काळजी कशी वाटू लागते?

मग लगेच दुसरं टोक पुढं येतं, घरकामात व्यायाम होतोच की. होत नाही. काम आणि व्यायाम यांत मोठा फरक आहे. कामाचं वजन बाई निवडत नाही, ते तिच्यावर येऊन पडतं. एकाच बाजूला, वाकलेल्या पाठीवर, थकलेल्या वेळी. व्यायामाचं वजन ती निवडते, दोन्ही बाजूंना सारखं घेते, पाठ सरळ ठेवून उचलते आणि झेपेल तसं वाढवते. कामानं झीज होते आणि व्यायामानं भर पडते. वर्षानुवर्षं भारे वाहिलेल्या बायकांचे गुडघे आणि मणके पाहा, म्हणजे कामालाच व्यायाम म्हणणं किती निर्दय आहे ते कळेल.

आमच्या शेजारच्या एका काकूंनी साठी ओलांडल्यावर सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात फक्त रिकामी दांडी होती, दोन्ही टोकांचे नट धरून जेमतेम 2 किलोची. खुर्चीवर बसून ती खांद्यापासून वर न्यायची आणि हळूच खाली आणायची. आठव्या वेळेला कोपर थरथरायला लागला, तशी त्यांनी दांडी मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "एवढंच व्हय?" पुढं दोन्ही टोकांना अर्ध्या किलोची एकेक प्लेट चढली. मग ती काढून सव्वा किलोची आली. आज त्या साडेचार किलोंची जोडी आरामात वर नेतात, आणि रेशनच्या पोत्याला हात लावायला कुणाची वाट बघत नाहीत. ठरीव वजनाचं जड डंबेल त्यांच्या हातात दिलं असतं तर हा प्रवास पहिल्याच दिवशी संपला असता.

म्हातारपणाबद्दल बोलणाऱ्यांनी एक जुना अभ्यास माहीत करून घ्यावा. अमेरिकेत मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा वृद्धांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला. निष्कर्ष 1990 साली प्रसिद्ध झाले. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली होती. नव्वदीत! तिशीनंतर दर दशकाला साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर वेग वाढतो, हे वैद्यकशास्त्र सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे की प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, आणि 65 च्या पुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा सराव करावा. त्यात बायका वगळा असं कुठंही म्हटलेलं नाही, म्हाताऱ्यांवर तर जास्तच भर दिला आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारावं, वजन वर नेताना श्वास कोंडू नये, एवढी काळजी घ्यावी. पण काळजी घेणं वेगळं आणि बंदी घालणं वेगळं.

मधुमेहाचंही तेच. 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनं भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं दाखवलं. जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेणारं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. ते कोठार लहान होत गेलं की साखर रक्तात राहते. हा आजार आमच्या गावात गल्लोगल्ली आहे. त्यावर गोळ्या घ्यायला सगळे तयार, चालायला काहीजण तयार, आणि स्नायू वाढवायचा विषय काढला की "हे तरण्यांचं काम". कशावरून?

आता चौथं मत, म्हणजे कुठले डंबेल्स घ्यावेत. इथं मला बारकाईनं बोलायचं आहे, कारण चुकीच्या खरेदीनं जेवढे लोक व्यायामातून उठले, तेवढे आळसानं उठलेले नाहीत.

कोल्हापुरी चप्पल घेताना आपण पायाचं माप देतो. एकाच मापाची जोडी आणून घरातल्या सगळ्यांना घालायला लावत नाही. डंबेल्सच्या बाबतीत मात्र नेमकं तेच करतो. पाच किलोची ठरीव जोडी आणतो, ती पोराला हलकी, आईला जड, आणि दोन महिन्यांनी कुणाच्याच कामाची राहत नाही. वजन वाढलं नाही तर शरीराला वाढायचं कारणच उरत नाही. अमेरिकन लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांवर काम करणाऱ्या थॉमस डीलॉर्म या डॉक्टरनं 1940 च्या दशकात हे पद्धतशीर मांडलं. थोडं वजन, ठरावीक वेळा उचलायचं, झेपलं की वाढवायचं. गुडघ्याच्या दुखापतींतून माणसं त्यानं याच वाटेनं उभी केली.

आता साधा हिशेब मांडू. दोन दांड्या घ्या, नटांसह प्रत्येकी 2 किलोच्या. त्यांच्या जोडीला 1.25, 2.5 आणि 5 किलोच्या चार-चार प्लेटा. दांडीच्या दोन्ही टोकांना सारखं वजन चढवत गेलात की एकेका डंबेलची वजनं अशी होतात: 2, 4.5, 7, 9.5, 12, 14.5, 17 आणि 19.5 किलो. आठ वजनं. त्यात अर्ध्या किलोच्या चार प्लेटा घातल्या की या प्रत्येकात एकेक किलोची वाढ मिळते आणि आठाची सोळा वजनं होतात, 2 पासून 20.5 किलोपर्यंत. घरात एकूण लोखंड आलं 41 किलो. हेच ठरीव जोड्यांमध्ये घ्यायचं म्हटलं, आणि अर्ध्या किलोच्या पायऱ्या सोडून फक्त 4.5 ते 19.5 पर्यंतच्या सात जोड्या घेतल्या, तरी 168 किलो होतात. पैसा किलोवर जातो. जागा किलोवर जाते. दोन खोल्यांच्या घरात 168 किलो लोखंडाची मांडणी कुठं करणार? आणि 41 किलो तर सोप्याच्या कोपऱ्यात, पाटाखाली मावतात. जास्त जड हवं असेल तर एकाच दांडीवर पाचच्या चार आणि अडीचच्या चार प्लेटा चढवा, 32 किलोंचं एक डंबेल तयार. ते छातीशी धरून बैठका मारून पाहा, मग कुणी म्हणावं की घरच्या वजनात दम नाही.

वजन थोडं कमी पडलं तरी बिघडत नाही, हेही आता पुरेसं सिद्ध झालं आहे. ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. स्नायू थकेपर्यंत उचललं तर हलक्या आणि जड वजनानं होणारी स्नायूंची वाढ जवळपास सारखी निघाली. एकदाच उचलायच्या कमाल ताकदीत मात्र जड वजन पुढं राहिलं. स्पर्धेत उतरणाऱ्याला तो फरक महत्त्वाचा. संसारी माणसाला घरातले 20 किलो कित्येक वर्षं पुरतात.

डायलवाले डंबेल्स दिसायला देखणे आहेत. डायल फिरवा, उचला, वजन बदललेलं. वेळ वाचतो, हा त्यांचा गुण मी मान्य करतो. पण त्या डायलच्या आत बारीक यंत्रणा असते, प्लास्टिकचे आणि पातळ पत्र्याचे भाग असतात, आणि प्लेटा धरून ठेवण्याचं सगळं काम त्यांच्यावर असतं. ही प्लेट डोक्यावर निसटली तर? ही कल्पनेतली भीती नाही. जून 2025 मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्स कंपनीचे डायलचे सुमारे 38 लाख डंबेल्स परत मागवण्याची घोषणा झाली, कारण वापरताना प्लेटा निसटून पडत असल्याच्या तक्रारी शेकड्यांनी आल्या होत्या आणि शंभराहून जास्त माणसांना इजा झाली होती. या प्रकारातलं ते सगळ्यात गाजलेलं नाव. ती कंपनी 2024 मध्ये दिवाळखोरीतही गेली होती. यंत्रणा बिघडली की सुटा भाग कुठून आणायचा, हा प्रश्न तिथल्या ग्राहकालाही पडतो, मग गडमुडशिंगीतल्या माणसानं त्याच्यासाठी कित्येक पट पैसे का मोजावेत?

आणि बिडाच्या प्लेटा भंगारात निघाल्या, हे आपल्याला कुठं बसून सांगितलं जातं? कोल्हापुरात! शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर. जिथं बिडाचं ओतकाम घराघरातल्या माणसांच्या हातचं आहे, ज्या भागातून देशभरच्या गाड्यांना कास्टिंग जातं, तिथल्या माणसाला बिडाची प्लेट भंगार वाटावी? डंबेलची प्लेट म्हणजे मध्ये भोक असलेलं साधं कास्टिंग. तिच्यात बिघडायला काही नाही. दांडीचे आटे गेले तर लेथवाला नवी दांडी करून देतो. नट हरवला तर नट मिळतो. ज्या वस्तूची दुरुस्ती आपल्या गावाच्या हद्दीत होते, ती वस्तू मागासलेली कशी? माझ्या मते आपल्यासाठी तीच सगळ्यात शहाणी खरेदी आहे. राहिली गोष्ट प्लेटा बदलायला लागणाऱ्या वेळेची. दोन्ही दांड्यांच्या प्लेटा बदलायला एक-दोन मिनिटं लागतात. दोन खेपांमध्ये तेवढी विश्रांती शरीराला हवीच असते.

प्लास्टिकच्या सेटबद्दल थोडक्यात. त्या जाड, गुबगुबीत प्लेटांच्या आत सिमेंट किंवा तसलंच भरण असतं. बिडाची घनता त्याच्या सुमारे तिप्पट, म्हणून त्याच वजनाची प्लास्टिकची प्लेट जवळपास तिप्पट जागा खाते. दांडीवर दोन प्लेटा चढवल्या की आट्यांना जागा उरत नाही, नट अर्धवट बसतो. छातीजवळ आणताना प्लेटा एकमेकींवर आपटतात, फरशीवर जोरात टेकल्या की कवच तडकतं आणि भुगा सांडायला लागतो. स्वस्त म्हणून घेतलेला सेट दोनदा घ्यावा लागला तर तो स्वस्त राहिला का?

बिडाचे घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. प्लेटेवर 5 छापलंय म्हणून ती 5 किलोची असेलच असं नाही. दुकानातच काट्यावर ठेवून पाहा, चारही सारख्या भरतात का ते बघा. भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. फेटलिंग, म्हणजे कडा घासायचं काम, नीट झालं नसेल तर धार हाताला लागते. प्लेट दांडीवर चढवून हलवा, फार ढिली असेल तर उचलताना खडखडत राहते. दांडीच्या मधल्या भागावर नर्लिंग, म्हणजे खरखरीत खाचा, हवं, म्हणजे घामट हातातून ती सुटत नाही. आटे स्वच्छ हवेत आणि नटाच्या आत रबरी कडं हवं. त्या कड्यामुळं नट प्लेटेला घट्ट धरतो. तरीही प्रत्येक खेपेआधी दोन्ही नट हातानं आवळून पाहायची सवय लावा, कारण वजन हलवताना नट थोडाथोडा सैल होत असतो. खाली जाड रबर किंवा कन्व्हेअर पट्ट्याचा तुकडा अंथरा, म्हणजे शहाबादी फरशी तडकणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत बिडाला गंज धरतो, महिन्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवलं की झालं. लहान मुलं घरात असतील तर प्लेटा उभ्या करून ठेवू नका, आडव्या ठेवा.

राहिलं पाचवं मत, धूळ खाण्याचं. डंबेल्स धूळ खात पडतात हे खरं आहे, पण का पडतात हे कुणी विचारत नाही. पहिल्याच दिवशी झेपणार नाही एवढं वजन घेतलं, अंग आठवडाभर दुखलं, नाद सुटला. किंवा हलकी जोडी घेतली, दोन महिन्यांत ती खेळण्यासारखी वाटू लागली, पुढं जायला वजनच नव्हतं, नाद सुटला. दोन्ही वेळा माणूस आळशी ठरला आणि चुकीचं वजन मात्र सुटलं. बदलतं वजन याच दोन्ही खड्ड्यांतून वाचवतं. आणि करायचं तरी काय अवघड आहे? आठवड्यात दोन किंवा तीन दिवस. छातीशी वजन धरून बैठक, जमिनीवरून पाठ सरळ ठेवून वजन उचलणं, एका हातानं कमरेकडं ओढणं, खांद्यावरून वर नेणं, आणि दोन्ही हातांत वजन घेऊन परड्यात चार फेऱ्या. पहिल्या चारांत आठ ते बारा वेळा, दोन किंवा तीन खेपा. बारा वेळा सहज व्हायला लागलं की पुढची प्लेट. अर्ध्या तासाचं काम आहे, त्याला ना फी लागते, ना गाडी, ना कुणाची परवानगी.

माझं म्हणणं ठामपणे सांगतो. ताकद ही मल्लांची मिरासदारी नाही. ती पाळीवरून आलेल्या कामगाराची आहे, वैरण वाहिलेल्या बाईची आहे, जमिनीवरून स्वतःच्या बळावर उठू पाहणाऱ्या आजोबांची आहे. तालमीचा अभिमान जरूर बाळगा, पण त्या अभिमानाच्या नावाखाली घराघरातला व्यायाम बंद पाडू नका. महागड्या डायलला भुलू नका आणि सिमेंटच्या स्वस्ताईलाही भुलू नका. दोन दांड्या, बिडाच्या सोळा प्लेटा आणि चार चांगले नट, एवढ्या सामानात अख्ख्या घराची, नातीपासून आजीपर्यंतची, प्रत्येकाच्या मापाची तालीम उभी राहते. वजन माणसाशी जुळवून घेणारं हवं, माणसानं वजनापुढं हार मानायची नाही. जो कुणी यापुढं म्हणेल की हे आपलं काम नव्हे, त्यानं आधी स्वतः एक दांडी उचलून पाहावी, मग दोन्ही टोकांना प्लेट चढवावी, आणि मग बोलावं.